पूर्वपाचित दूध-प्रथिनांची पूड: कोकणातल्या पावसाळ्यात महिनाभर

आषाढाच्या सुरुवातीला रत्नागिरीच्या बाजारपेठेतील एका औषधाच्या दुकानातून मी ‘पूर्वपाचित दूध-प्रथिने’ अशी ओळख छापलेल्या पुडीचा ४०० ग्रॅमचा डबा १,४५० रुपयांना घेतला. रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत आणि जंतूंपासून संरक्षण, असे दोन दावे वेष्टनावर आहेत. रक्तदाबाची गोळी मला नऊ वर्षांपासून चालू असल्यामुळे पहिल्या दाव्याने मोह घातला, हे कबूल करतो.

पूड कडू आहे, आणि हा कडवटपणा सोलकढीचा पेला प्याल्यावरही जिभेवरून हटत नाही. गंमत अशी की तोच तिच्या खरेपणाचा पुरावा आहे. केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाच्या लांब साखळीत पाण्याला टाळणारी अमिनो आम्ले बरीचशी आत दडलेली असतात. विकरांनी (एन्झाइमांनी) ती साखळी आधीच तोडली, म्हणजेच पूर्वपाचन केले, की ही आम्ले असलेले तुकडे जिभेला थेट भिडतात. हेच तुकडे हवेतला ओलावाही फार लवकर शोषतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात डब्याच्या तळाशी गुळाच्या ढेपेसारखा पिवळसर गोळा जमला आणि तो चमच्याच्या दांड्याने उकरावा लागला. ‘कोरड्या जागी ठेवावे’ अशी सूचना डब्यावर आहे. श्रावणात कोकणातली कोरडी जागा कोणती, हेही छापले असते तर उपकार झाले असते.

रक्तदाबाच्या दाव्यामागचे शास्त्र मात्र पोकळ नाही. शरीरातील एक विकर अँजिओटेन्सिन-१ या दहा अमिनो आम्लांच्या साखळीतून शेवटची दोन काढून अँजिओटेन्सिन-२ तयार करते, आणि त्याने रक्तवाहिन्या आकसतात. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषातील पेप्टाइडांच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या, अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे औषध घडले, तेही याच विकराला अडवते. माझी गोळीही त्याच कुळातली. जपानमध्ये लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस या जिवाणूने आंबवलेल्या दुधात तीन-तीन अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे सापडली, आणि तीही प्रयोगनळीत या विकराला रोखतात. माणसांवरील चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे आले नाहीत, आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या पेप्टाइडांविषयीचा रक्तदाबाचा दावा मान्य केला नाही. माझ्या वहीतील महिन्याभराच्या नोंदी पूर्वीसारख्याच आहेत. अर्थात मी गोळी थांबवली नव्हती, आणि कोणी थांबवूही नये.

माझी खरी तक्रार दुसऱ्या दाव्याबद्दल आहे. वेष्टनावर लॅक्टोफेरिसिनचे कौतुक आहे. लॅक्टोफेरिन हे प्रथिन पेप्सिनने तोडले की २५ अमिनो आम्लांचा हा तुकडा सुटतो. त्यावरील धन विद्युतभार जिवाणूंच्या ऋणभारित पडद्याला चिकटतो आणि पडदा फोडतो, म्हणून मूळ प्रथिनापेक्षा तो अधिक प्रभावी ठरतो. पण घटकांच्या यादीत फक्त केसीन आहे, आणि लॅक्टोफेरिन तर दूध फाटल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यात, म्हणजे व्हेमध्ये जाते! केसीनमधूनही जंतुरोधक तुकडे मिळतात, उदाहरणार्थ चीज करताना वापरल्या जाणाऱ्या कायमोसिनमुळे सुटणारे इस्रासिडिन. पण त्याचा उल्लेख डब्यावर कुठेच नाही. कोणते विकर वापरले, कोणते पेप्टाइड किती मिलिग्रॅम आहे, हेही नाही. याविषयी ग्राहक-सेवेला फोन केला तेव्हा पलीकडच्या व्यक्तीने मला तोच मजकूर सावकाश वाचून दाखवला.

दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ‘पूर्वपाचित’ या शब्दावर विसंबू नये, कारण अर्धवट तुटलेले तुकडेही त्रास देऊ शकतात. हा इशारा डब्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत आहे.

या किमतीला मी हा डबा पुन्हा घेणार नाही. कंपनीने पेप्टाइडांची नावे व प्रमाण छापले आणि पूड दहा-दहा ग्रॅमच्या बंद पुड्यांत दिली, तर पुढच्या उन्हाळ्यात, हवा जरा कोरडी असताना, पुन्हा विचार करीन.