कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र : सात महिन्यांच्या वापरानंतर

आईला फुप्फुसाचा फायब्रोसिस आहे आणि तिला साधी सर्दीही परवडत नाही, त्यामुळे दवाखान्यात, बँकेत किंवा बसने तिला नेताना माझ्या जिवाला घोर लागून राहायचा. कोणत्या जागेची हवा खरोखर कोंदलेली आहे हे तरी कळावे, म्हणून मी खिशात मावणारे हे यंत्र घेतले.

त्याआधी घेतलेल्या स्वस्त यंत्राचे पैसे वाया गेले. घरात फोडणी दिली किंवा हाताला सॅनिटायझर लावले तरी त्याचा आकडा उसळायचा, कारण ते कार्बन डायऑक्साइड मोजतच नव्हते, इतर वाफांवरून नुसता अंदाज बांधत होते. आताच्या यंत्रात अवरक्त प्रकाशावर चालणारा एनडीआयआर सेन्सर आहे. घेताना एवढे आवर्जून पाहावे.

मोकळ्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, तर आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,०००. म्हणून बंद खोलीतला आकडा चढू लागला, की इतरांनी सोडलेली हवा तिथे साचते आहे असे समजावे. क्षयरोग, गोवर आणि कोविड यांचा संसर्ग अशाच हवेतून होतो.

सर्वांत मोठा धक्का मला आईच्या छातीच्या डॉक्टरांकडेच बसला. बाहेरच्या लहानशा खोलीत चौदा माणसे, त्यांतली निम्मी खोकणारी, खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी आणि यंत्रावर २,४०० हा आकडा; म्हणजे आई घेत असलेल्या दर वीस श्वासांतला एक श्वास आधी कोणाच्या तरी फुप्फुसातून येऊन गेलेला होता. मी तिथल्या ताईंना यंत्र दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “एसी चालू आहे की, हवा येतेय ना.” स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो, हे मी त्यांना समजावले. पुढच्या खेपेस त्यांनीच नखाने चिकटपट्टी सोलून खिडकी चार बोटे उघडली आणि दाराला खुर्ची लावली. वीस मिनिटांत आकडा १,१०० वर आला. मला त्या ताईंचे मनापासून कौतुक वाटते.

उघड्या खिडक्यांची खच्चून भरलेली एसटी ७०० च्या पुढे गेली नाही; वातानुकूलित बसमध्ये मात्र घाट चढेपर्यंत ३,००० झाले.

तरीही आकडा कमी म्हणजे हवा शुद्ध, असे कोणी समजू नये. स्वारगेटच्या चौकात उघड्या खिडकीतून येणारा धूर आणि पीएम २.५ म्हणजे धुरा-धुळीचे अतिसूक्ष्म कण या यंत्राला दिसत नाहीत. उलट, हवेतले बारीक कण आणि जंतू गाळणारा चांगला हेपा फिल्टर खोलीत चालू असला तरी आकडा उतरत नाही, कारण तो हा वायू गाळत नाही. बॅटरी दिवसभर पुरते. दर महिन्याला गच्चीवर नेऊन यंत्र मोकळ्या हवेशी जुळवून घ्यावे लागते, नाहीतर आकडे भरकटतात.

आता आम्ही डॉक्टरांची सकाळची पहिली वेळ घेतो. तेव्हा त्या खोलीत साधारण ५५० असतात, आणि आई नंबर येईपर्यंत खिडकीशेजारच्या खुर्चीवर मास्क लावून बसते.