कोर्लई किल्ला: आईचे गुडघे सांभाळून

आईचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात, त्यामुळे मोठे गड बंदच झालेत. "समुद्र दिसेल अशी एखादी छोटी टेकडी बघ," म्हणाली. कोर्लई अगदी तशीच निघाली.

अलिबागहून रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, तिथून मुरूडच्या रस्त्याला कोर्लई गाव. गावातला रस्ता अरुंद, कडेला बोंबील वाळत घातलेले, समोरून टेंपो आला की आपण थांबायचं. गाडी थेट दीपगृहापर्यंत जाते आणि त्याच्या मागूनच पायऱ्या लागतात. चढ शंभर मीटरचाही नाही. आम्हाला पंचवीस मिनिटं लागली, त्यात आई तीनदा बसली. दगड उंचसखल आहेत, उतरताना ते फार जाणवतं, म्हणून काठी न्याच. वर सावली जवळजवळ नाही. सातला चढायला लागा, दहाच्या आत खाली या. पाणी सोबत हवंच.

माथा म्हणजे समुद्रात शिरलेली लांब, चिंचोळी सोंड. तटावर उभं राहिलं की एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी, आणि पलीकडे रेवदंड्याच्या माडांतून वर आलेला सातखणी मनोरा. खाडीतून बाहेर पडणारी होडी लाटेला लागली की तिचं नाक कसं उचलतं, ते वरून स्पष्ट दिसतं. आई अर्धा तास तेच बघत होती. मला तिला हाक मारवेना.

१५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हा डोंगर निजामशाहीकडून जिंकला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. म्हणून वर छप्पर उडालेलं चर्चही आहे आणि महादेवाचं छोटं देऊळही. पाण्याच्या टाक्याजवळ मात्र वेफर्सची पाकिटं पडली होती. आम्ही पिशवीभर खाली आणली, पण एवढ्या जुन्या जागेत ती टाकवतात तरी कशी?

परतताना गावात सुकट घेतली. विकणाऱ्या बाई लेकीशी काहीतरी बोलल्या, सूर ओळखीचा वाटला, पण शब्द एकही कळेना. आईने विचारलंच. "ही आमची नौ लिंग," त्या म्हणाल्या. नौ लिंग म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली ही बोली किल्ल्याच्या पायथ्याशी अजून घराघरांत बोलली जाते. आईने त्यांच्याकडून, कोकणीत आभार मानताना म्हणतात त्या "देव बरें करूं" सारखं काही असतं का तेही विचारून घेतलं आणि गाडीत बसेपर्यंत पुटपुटत राहिली.

पाचपैकी पाच. डिसेंबरात पुन्हा जातोय, या वेळी मावशीलाही घेऊन.