डॉल्फिन घ्यावा की मधमाशी?

भाचीला प्रोजेक्टसाठी एकच प्राणी निवडायचाय आणि ती दोघांमध्ये अडकलीय, म्हणून समोरासमोर ठेवून बघितलं. "डॉल्फिन कायम हसतो" हे जाहिरातीतलं आधी बाजूला ठेवा, ती जबड्याची ठेवण आहे.

बोलणं हा मुद्दा सगळ्यात भारी. बॉटलनोज डॉल्फिनमध्ये प्रत्येकाची स्वतःची शिट्टी असते, जवळपास नावच म्हणा, दुसऱ्याने ती काढली की तो ओ देतो. पण मधमाशी चक्क नाचून पत्ता सांगते! अंधारात उभ्या पोळ्यावर पोट थरथरवत सरळ चालते, वळसा घेऊन मागे येते, पुन्हा तेच. सरळ वर गेली तर फुलं सूर्याच्या दिशेला, उजवीकडे ४० अंश कलली तर सूर्याच्या उजवीकडे ४० अंश, आणि थरथर जितकी जास्त वेळ तितकं अंतर लांब. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. साधारण १० लाख पेशींचा मेंदू आणि एवढं गणित, मला अजून नवल वाटतं.

आयुष्य बघाल तर डॉल्फिन ४० वर्षांपुढेही जगतो, उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे.

निरीक्षणात मात्र डॉल्फिन मागे पडतो, समुद्रावर जाऊनही क्षणभर पाठच दिसते. माशी फुलावर बसली की मागच्या पायाला चिकटलेली परागाची पिवळी गोळीसुद्धा दिसते, फक्त पोळ्याजवळ जाऊ नका.

स्वतः बघून वहीत नोंदी करायच्या असतील तर मधमाशीच घ्या. वाचून, व्हिडिओ बघून लिहायचं असेल आणि अर्धा मेंदू जागा ठेवून झोपणं असल्या गोष्टींची ओढ असेल तर डॉल्फिन.