‘नागिन’ची बीन, मिनीमोग की सीएस-८०? जुन्या चित्रपटांतला आवाज ओळखताना आणि विकत घेताना

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभराचं नाटक आलंच. अशा नाटकांना मी ऑर्गनवर साथ करतो. पूर्वी खरोखरची पायपेटी असायची. आता तिच्या जागी की-बोर्ड आलाय, पण नाव ऑर्गनच राहिलं. यंदा तालमीला भाचा शेजारी येऊन बसला. मोबाईलवर ‘नागिन’मधली बीन लावून म्हणाला, “मामाजी, हा आवाज कोन्त्या मशीनमधून निंगते? धानाचे पैसे आले का तेच घेऊन टाकतो.”

धानाचे पैसे वर्षातून एकदा येतात. चुकीची वस्तू घेतली तर पुढच्या हंगामापर्यंत ती कोपऱ्यात पडून राहते. म्हणून त्या रात्री त्याला जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतो. नाटकात, ऑर्केस्ट्रात नाहीतर बँडमध्ये वाजवणाऱ्या आणि जुन्या चित्रपटांतले ते आवाज हवे असणाऱ्या कुणालाही त्याचा उपयोग होईल.

आधी साल बघा

‘नागिन’ १९५४चा. रॉबर्ट मोग यांनी त्यांच्या सिंथेसायझरचा (विजेच्या लहरींतून हवा तसा आवाज घडवणारं यंत्र, थोडक्यात सिंथ) पहिला नमुना बनवला १९६४ साली. म्हणजे त्या बिनेत मोग असणं शक्यच नाही. ती बीन वाजवली कल्याणजींनी, पुढे ज्यांची आनंदजींबरोबर जोडी झाली तेच, आणि वाद्य होतं क्लाव्हिओलिन. जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. संगीत हेमंतकुमारांचं. क्लाव्हिओलिन १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी तयार केलं. आत जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह, वर तीन सप्तकांच्या पट्ट्या, एका वेळी एकच स्वर, आणि आवाज कमीजास्त करायला गुडघ्याने ढकलायची दांडी.

क्लाव्हिओलिन आणि मोगचा छोटा सिंथ मिनीमोग, दोन्ही एकसुरी आहेत, म्हणून कानाची फसगत होते. फरक ओळखायची एक सोपी रीत आहे. तोंडाने एकाच पट्टीत ‘ऊ’ धरा आणि स्वर न हलवता हळूहळू ‘आ’पर्यंत या. स्वर तोच राहिला, पण त्याचा रंग उजळत गेला ना? सिंथमध्ये हे काम फिल्टर करतो. मिनीमोगचा सूर सुरू झाल्यावरही असा उघडतो आणि मिटतो. क्लाव्हिओलिनचा सूर ज्या रंगात सुरू होतो त्याच रंगात संपतो, हलतो तो फक्त व्हायब्रेटो, म्हणजे सुराचा कंप, आणि आवाजाची पातळी. बिनेतला एखादा लांब सूर हेडफोन लावून, गती अर्धी करून ऐका. त्याचं तोंड उघडत नाही, तो सरळ जातो. भाच्याला हे दुसऱ्याच वेळी ऐकू आलं.

एक सावधगिरी मात्र ठेवा. पट्टीवरून यंत्र ओळखायला जाऊ नका. जुन्या कॅसेटवरून चढवलेली गाणी अर्ध्या सुराने वरखाली झालेली असतात.

मिनीमोग की आर्प

सत्तरच्या दशकातला आवाज असेल तर खरी गंमत सुरू होते. मिनीमोग १९७०चा. ४४ पट्ट्या, तीन ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारे भाग), एकच स्वर. तिन्ही ऑसिलेटर एकमेकांपासून केसभर सरकवले की सूर जाडजूड होतो. तीन माणसं एकच ओळ गातात तेव्हा जसा भरीवपणा येतो, तसाच हा. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ग्लाइड लावला की आपल्या मींडेच्या जवळ जाणारी चाल मिळते. त्याची आणखी एक खूण म्हणजे रेझोनन्स (फिल्टरचा एकाच ठिकाणी दिलेला जोर) वाढवला की खालचा खर्ज पातळ होतो आणि वर नाकातला सूर येतो.

आर्प कंपनीची ओडिसी १९७२ची. ऑसिलेटर दोनच, पण दोन स्वर एकदम देता येतात, आणि मिनीमोगकडे नसलेल्या तीन गोष्टी तिच्याकडे आहेत. एक सिंक, म्हणजे पत्रा फाटल्यासारखी चढत जाणारी किंकाळी. दुसरं रिंग मॉड्युलेटर, त्यातून घंटेसारखा पण बेसूर वाटणारा धातूचा आवाज निघतो. तिसरं सॅम्पल अँड होल्ड, त्याने सूर आपोआप इकडेतिकडे उड्या मारतात. यातलं काही कानावर पडलं तर साधा मिनीमोग यादीतून काढून टाका. ‘स्टार वॉर्स’मधला (१९७७) आर-टू डी-टू नावाचा यंत्रमानव जे बोलतो, ते आवाज बेन बर्ट यांनी आर्प २६०० आणि स्वतःचा आवाज मिसळून बनवले. चिवचिव, शीळ, मध्येच रुसल्यासारखा खाली उतरणारा सूर. मिनीमोगचा गुबगुबीत सूर आणि हे बोलणं लागोपाठ ऐका, एका बैठकीत दोन्ही घराणी कानात बसतात.

आपल्या कामाला यातलं काय? नाटकात भुताचा प्रवेश, वीज, स्वप्न, असले प्रसंग जास्त असतील तर आर्पची बाजू भारी. गाण्याची सुरावट आणि खर्ज हवा असेल तर मिनीमोग. झाडीपट्टीत गाणी भरपूर असतात, म्हणून माझं मत मिनीमोगकडे.

एकाहून अधिक स्वर ऐकू आले तर

इथे घाई करू नका. कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर) ऐकू आला म्हणजे बहुसुरी सिंथ होताच, असं नाही. वेंडी कार्लोस यांनी १९६८चं बाखच्या संगीताचं ध्वनिमुद्रण आणि १९७१च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’चं संगीत एकसुरी मोगवर केलं. एकेक सूर टेपवर घेऊन त्यावर पुढचा चढवत गेल्या. म्हणून १९७५च्या आसपासपर्यंत कॉर्ड ऐकला तरी आधी टेपचा संशय घ्यायचा.

त्यानंतरची दोन नावं महत्त्वाची, यामाहा सीएस-८० आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-५. दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा.

सीएस-८० सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला. आठ स्वर एकदम, वजन ८० किलोहून जास्त. आमच्या नाटकाच्या गाडीत चढवायलाच चार माणसं लागली असती. त्याचा जीव पट्ट्यांत आहे. पट्टी दाबल्यावर बोटाने आणखी जोर दिला तर फक्त त्याच सुराचा आवाज, रंग किंवा कंप वाढतो, बाकीचे सूर जागच्या जागी राहतात. व्हँजेलिस यांनी ‘ब्लेड रनर’ला (१९८२) हेच वाद्य वापरलं. सुरुवातीचा तो पितळी, फुगत जाणारा सूर ऐका. वादक श्वास भरून फुंकतोय असं वाटतं, पण फुंकणारं कुणी नाही, तो बोटाचा दाब आहे. आपल्याकडे सनईवाला एकाच सुरावर जसा जोर देत जातो, तसं. पट्ट्यांच्या वर एक रिबन आहे, तिच्यावर बोट सरकवलं की सूर लांबवर घसरत जातो. कॉर्डमधला एकच सूर थरथरतोय आणि बाकीचे शांत आहेत, असं ऐकू आलं तर सीएस-८०चीच शक्यता मोठी.

प्रॉफेट-५ १९७८चा. स्वर पाच. त्याची मोठी सोय अशी की लावलेले आवाज तो लक्षात ठेवायचा. आधीच्या बहुतेक यंत्रांवर प्रत्येक वेळी सगळ्या कळा हाताने फिरवून तोच आवाज पुन्हा जुळवावा लागे. जॉन कार्पेंटर आणि अ‍ॅलन हॉवर्थ यांनी ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’च्या (१९८१) संगीतात तो वापरला. त्याचा सूर कोरडा, जवळचा, कडा स्पष्ट असलेला. ओळखायचं असेल तर बोटं मोजा. पाच सूर दाबून धरले असताना सहावा आला की आधीचा एक गळतो. लांब टिकणाऱ्या कॉर्डमधून एखादा सूर न सोडताच नाहीसा झाला, तर तिथे थांबून परत ऐका.

रोलंडचा ज्युपिटर-८ (१९८१) या दोघांच्या मधे बसतो, आठ स्वर आणि मऊ, चकचकीत आवाज. त्याच्याबद्दल आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ साली ज्युपिटर-८, टीबी-३०३ (बासचं यंत्र) आणि टीआर-८०८ (तालाचं यंत्र) घेऊन दहा रागांचं एक अख्खं ध्वनिमुद्रण केलं. टीबी-३०३च्या स्लाइडमधून निघणारी घसरण ऐकली की या यंत्रांतून राग निघत नाही असं म्हणणाऱ्याला वेगळं उत्तर द्यावं लागत नाही.

१९८३ नंतरच्या संगीतात काचेसारखा पियानो, लखलखती घंटा किंवा टणक बास ऐकू आला, तर तो बहुतेक यामाहा डीएक्स-७. हे यंत्र डिजिटल आहे, अ‍ॅनालॉग नव्हे. त्यातला आवाज मिनीमोगवर जुळवायला बसाल तर रात्र वाया जाईल.

मग घ्यायचं काय

खरा जुना मिनीमोग किंवा सीएस-८० आपल्या आवाक्यातला नाही, आणि असता तरी मी घेऊ दिला नसता. कारण अंगावर आलेलं आहे. एका डिसेंबरात मी ओळखीच्या एका वादकाकडून अ‍ॅनालॉगचा एक डबा मागून आणला होता. रात्री नऊला पेटीशी सूर जुळवला. उघडा मंडप, चौफेर धानाची बांधी, मध्यरात्रीनंतर दातावर दात वाजू लागले. दुसऱ्या अंकातल्या गाण्याला सुरुवात केली तर डबा पेटीपासून चांगलाच दूर गेलेला. गाणारी बाई माझ्याकडे बघू लागली. ट्रान्झिस्टरचं तापमान बदललं की अशा ऑसिलेटरचा सूर सरकतो. म्हणून ते अर्धा तास आधी चालू करून ठेवावे लागतात, आणि थंडी वाढत गेली की पुन्हा जुळवावे लागतात. स्टुडिओत हे जमतं. मंडपात दोन गाण्यांच्या मधे जमत नाही.

म्हणून भाच्याला सांगितलं, लॅपटॉप आहे तर आधी सॉफ्टवेअर घे. सर्ज एक्सटी फुकट आहे, एकसुरी आणि बहुसुरी दोन्ही चालतो. डीएक्स-७चे आवाज हवे असतील तर डेक्स्ड, तेही फुकट. पैसे खर्च कर ते चांगल्या मिडी की-बोर्डवर, म्हणजे लॅपटॉपला सुरांच्या सूचना देणाऱ्या पट्ट्यांवर. इथे एक गोष्ट विचारूनच घ्यायची, आफ्टरटच, म्हणजे दाबलेल्या पट्टीवर आणखी दिलेला जोर ओळखायची सोय, आहे का? स्वस्त की-बोर्डांत बहुधा तो नसतो, आणि तो नसेल तर सीएस-८०चं सॉफ्टवेअर कितीही महाग घ्या, तो फुगणारा सूर बोटातून येणार नाही. अशा वेळी मिनीमोग किंवा प्रॉफेटच्या वाटेने जाणंच शहाणपणाचं, त्या दोघांना ग्लाइड, पिच व्हील (सूर वरखाली करायचं चाक) आणि कटऑफची (फिल्टर उघडायची-मिटायची) एक कळ पुरते.

वस्तूच हातात हवी असेल तर बेहरिंगरचा मॉडेल डी आहे. मिनीमोगच्या धर्तीवरचा छोटा अ‍ॅनालॉग डबा, त्याला पट्ट्या नाहीत, म्हणजे की-बोर्ड वेगळा लागतोच. कॉर्ग मिनीलॉगमध्ये चार स्वर आणि ३७ बारीक पट्ट्या आहेत. जाड बोटांना त्या अडचणीच्या होतात, माझ्या झाल्या. थंडीचा नियम दोघांनाही थोडाफार लागू आहे.

लॅपटॉप मंडपात नेताना बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी लॅपटॉप साठवतो तो तुकडा) १२८ किंवा २५६ वर ठेवा, नाहीतर पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो आणि ढोलकीवाला चिडतो. जनरेटरवर गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवा, आणि मिक्सरला जाताना मधे डीआय बॉक्स (गुणगुण अडवणारी छोटी डबी) लावा.

भाच्याने अजून काहीच विकत घेतलेलं नाही. परवा संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही सर्जवर बीन जुळवली. एकच ऑसिलेटर, चौकोनी लहर, मोनो (एका वेळी एकच स्वर), फिल्टर न लावता, व्हायब्रेटो सेकंदाला सहाच्या आसपास. सूर बरोबर लागला होता, तरी काहीतरी उणं वाटत होतं. भाचा परत परत कळा फिरवत राहिला. मग मी पेटी ओढली आणि त्याच सुरावटीत खालून भाता धरला. तेव्हा कुठे ती बीन झाली. “मामाजी, हे दोन वाद्यं हायेत का मंग!” तो म्हणाला. मंडईच्या नाटकाला तो लॅपटॉपवर आणि मी पेटीवर, असं ठरलंय.