तयार ॲनायन एक्सचेंज कॉलम: फायटेजसाठी उत्तम, माहितीपत्रक मात्र बाजूला ठेवा

बॅसिलस जिवाणूचं फायटेज (फायटेटमधून फॉस्फेट सोडवणारं एन्झाइम) शुद्ध करायला हा ५ मिलिलिटरचा तयार भरलेला, ऋण भाराची प्रथिनं धरून ठेवणारा कॉलम घेतला. कॉलमला पाचपैकी चार तारे. सोबतच्या माहितीपत्रकाला अर्धाही देणार नाही.

रेझिन (प्रथिन धरणारे मणी) हाताने भरायची कटकट नाही, बेडला चिरा पडत नाहीत, साध्या पेरिस्टाल्टिक पंपावर निवांत चालतो. अमोनियम सल्फेटने खाली बसवलेलं प्रथिन नीट डायलिसिस करूनच चढवा. मीठ उरलं तर एन्झाइम न चिकटता सरळ वाहून जातं. आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. गढूळ नमुना ओतलात तर कॉलम तुंबलाच म्हणून समजा.

पीएच ८ च्या ट्रिस बफरमध्ये आमचं एन्झाइम पक्कं बसलं. सोडियम क्लोराइडचा ० ते ०.५ मोलर चढता ग्रेडियंट दिल्यावर २८० नॅनोमीटरला (या तरंगलांबीवर प्रथिन दिसतं) दोन उंच पीक आले आणि ॲक्टिव्हिटी दोन्हींत नाही! ती निघाली मधल्या बुटक्या खांद्यात. तेव्हा नुसता आलेख बघून फ्रॅक्शन (कॉलममधून गोळा केलेले भाग) ओतून देऊ नका.

आता माहितीपत्रक. बफरमध्ये सरसकट १ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घाला म्हणतात. काही प्रोटिएजना (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना) आवर घालायला ते बरं, पण बॅसिलसचं फायटेज कॅल्शियमच्या जिवावर उभं असतं. ईडीटीए तेच ओढून घेतं. मग कॉलममधून येतं ते शुद्ध, देखणं आणि मेलेलं प्रथिन. आम्ही ईडीटीए वगळून डायलिसिसपासूनच १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड ठेवलं. (ई. कोलायच्या फायटेजचं गणित वेगळं. ते हिस्टिडिन ॲसिड फॉस्फेटेज या निराळ्या गटातलं, त्याचं कॅल्शियमवाचून अडत नाही.)

पर्याय म्हणून सुचवलेला फॉस्फेट बफर तर कहरच. फायटेटमधून सुटलेला फॉस्फेट मोलिब्डेटच्या निळ्या रंगावर मोजायचा आणि बफरमध्येच फॉस्फेट! ब्लँकसकट (एन्झाइम न घातलेल्या नळीसकट) सगळ्या नळ्या गडद निळ्या. वर कॅल्शियमबरोबर त्याचा गाळ बसतो तो निराळाच. कंपनीला हे विचारलं, तर उत्तर आलं की बफर सर्व प्रथिनांसाठी योग्य आहेत. बरं.

या एका पायरीत जेलवर एकच बँड मिळेल असं धरून चालू नका. आमच्याकडे खाली दोन फिकट बँड उरले होते, ते पुढे जेल फिल्ट्रेशनने गेले. काम झालं की कॉलम २ मोलर मिठाने, मग पाण्याने धुवा आणि २० टक्के इथेनॉलमध्ये बुचं घट्ट लावून ठेवा. आमचा अजून चालतोय.