फॉस्टर केअर, कोल्हापुरातून: फॉर्म सोपा, घरभेट कसून

आईबापाजवळ राहू न शकणारं मूल दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळणं म्हणजे फॉस्टर केअर. त्याचा परवाना कुठं मिळतो, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. तसा परवाना नाहीच. कॅरिंग्ज या केंद्र सरकारच्या दत्तकाच्या पोर्टलवर नोंदणी, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाची घरभेट आणि शेवटी बाल कल्याण समितीचा आदेश, तोही त्या एका मुलापुरता. आधार बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४४ चा.

२०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी दार बरंच उघडलंय. ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते, पण एकट्या पुरुषाकडं मुलगी देत नाहीत. जोडप्याच्या वयांची बेरीज किमान ७० लागते. मूल सहा वर्षांपुढचंच. तान्ह्या बाळाची आस असेल तर सरळ दत्तकाच्या रांगेत उभं राहा.

चंदगडात बसून मोबाइलवर फॉर्म भरता येतो, ही सोय खरी. अडतं ते कागदांवर. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं; पत्ता गावचा, राहणं राजारामपुरीत भाड्यानं. नोंदणीआधी हे स्पेलिंगसकट जुळवून घ्या.

या सगळ्यात सरस भाग घरभेटीचा. घर केवढं यापेक्षा मूल झोपणार कुठं आणि शाळा सुटल्यावर घरात कोण असतं, हे जास्त विचारलं जातं. एकत्र कुटुंबात सासूबाई "पोरांनी ठरवलंय, आमचं काय" म्हणाल्या, तर ते फक्त बोलणं समजू नका. घरात एकाचंही मन नसलं की भोगतं ते पोरच.

पैशाच्या बाबतीत दोन योजनांची सरमिसळ होते. राज्याची बालसंगोपन योजना वेगळी, तिचे महिना २२५०. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून फॉस्टर केअरला महिना ४०००. वाढत्या पोराची फी, दप्तर, दवाखाना यात भागत नाही. पदरमोड धरूनच चला.

कच्चा दुवा म्हणजे मूल घरी आणणाऱ्यांची तयारी. पहिल्या महिन्यांत काय होईल, हे नीट सांगितलं जात नाही. अंथरूण झटकताना उशीखाली अर्धी भाकरी सापडते, वाळून कडक झालेली. ही चोरी नव्हे. पुढचं जेवण मिळेल याची खात्री नसलेलं पोर असंच साठवतं. रागावू नका, भाकरी काढूनही घेऊ नका. हाताला येईल अशा फडताळात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ठेवा आणि तो रिकामा होऊ देऊ नका. साठवणं आपोआप कमी होतं, पण दिवसांत नाही, महिन्यांत.

मूल मूळ आईबापाकडं परत जाऊ शकतं, हे घरातल्या लहानग्यांनाही आधी सांगा. ते कायद्यानं दत्तकासाठी मोकळं असेल, तर २ वर्षांनी दत्तक घेता येतं; आधी ही अट ५ वर्षांची होती.

समितीची पाहणी दर महिन्याला असते. त्या दिवशी पोराला नवे कपडे घालून कोचावर बसवू नका. शाळेची वही आणि दवाखान्याची फाइल टेबलावर असू द्या, आणि पोर खेळायला गेलं असेल तर खेळू द्या.