क्लोज रिंग आणि ‘कॅप्टिव्ह ब्रेड’चा दाखला : पाचपैकी दोन

आफ्रिकन ग्रे पोपट विकताना पायातलं बिनसांध्याचं कडं (क्लोज रिंग) आणि बंदिस्त पैदाशीचा (‘कॅप्टिव्ह ब्रेड’) दाखला ही जोडगोळी हमखास पुढे केली जाते. पक्षी जंगलातून पकडलेला नाही, याची खात्री देणं एवढंच तिचं काम. ते ती अर्धवट करते.

रिंगची कल्पना चोख आहे. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असताना पुढची दोन बोटं आणि मागचं लांब बोट एकत्र धरून कडं चढवायचं, मग मागचं आखूड बोट अलगद सोडवायचं. घाई केली तर कडं घरट्यात गळून पडतं, उशीर झाला तर पंजा आत जात नाही. पण एक माप मोठं कडं तेल लावून मोठ्या पक्ष्यालाही चढवता येतं. म्हणून ते पायावर किती सैल खेळतंय ते बघा, पूर्ण फिरवून सांधा किंवा घासलेला आकडा शोधा.

डोळा मात्र खोटं बोलत नाही. पिल्लाचं बुबुळ काळपट करडं असतं, पिवळं व्हायला वर्षभर तरी जातं. ‘तीन महिन्यांच्या’ पिल्लाचा डोळा पिवळा दिसला तर व्यवहार तिथंच थांबवा.

दाखल्याची गोष्ट आणखी कच्ची. साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१६च्या बैठकीत हा पोपट परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक बंधनांच्या यादीत गेला. साइटीस परवान्यावर स्रोताचं अक्षर असतं: ‘डब्ल्यू’ म्हणजे जंगली, ‘सी’ म्हणजे बंदिस्त पैदास, ‘डी’ म्हणजे नोंदणीकृत केंद्रातली व्यापारी पैदास, ‘एफ’ म्हणजे जन्म बंदिस्त पण ‘सी’च्या अटींत न बसणारा. दुकानाच्या लेटरहेडवर यातलं काहीच नसतं. शिवाय हिशोब करा. मादी एका वेळी २ ते ४ अंडी घालते. दहा जोड्या, वर्षाला तीन वेळा, एकही अंडं वाया गेलं नाही असं धरलं तरी १२० पिल्लं. २०० विकणाऱ्यानं उरलेली ८० कुठून आणली?

पैदास खरी असली तरी जंगलाची तूट भरत नाही. माणसाच्या हातून खाऊन वाढलेलं, चोचीच्या-पिसांच्या विषाणूचा धोका असलेलं पिल्लू कोणी शहाणा माणूस रानात सोडत नाही. उलट, मेलेल्या पक्ष्याचा कागद जपून ठेवला की पकडून आणलेल्याला तो आयता मिळतो. बाजार जितका मोठा, तितकी ही अदलाबदल सोपी.

दोन गुण दिले ते फक्त रिंगवरच्या आकड्यासाठी. छातीच्या डाव्या स्नायूत मायक्रोचिप असेल तर पैसे देण्याआधी रीडर फिरवायला लावा. चिपचा १५ अंकी क्रमांक आणि रिंगचा आकडा दोन्ही बिलावर हवेत. विक्रेता कुरकुरला तर पाकीट खिशातच राहू द्या.